मूळ गाव : टास्मानिया

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नवा माणूस भेटला की दुसऱ्या मिनिटाला प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठले?" सिडकोत तीस वर्षं घरपट्टी भरलेला माणूस "इथलाच" म्हणाला, तर समोरच्याला ती टाळाटाळ वाटते. "इथले तर आहातच हो, पण मूळचे?" मग कन्नड, अंबड, गेवराई असं काही हाती लागलं की पुढे आडनाव, मग पाहुणे कोण, मग कुलदैवत कुठलं. पाचवा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही. सुशिक्षित माणसं आहोत आपण. पहिल्या चार उत्तरांची बेरीज केली की पाचवं उत्तर आपसूक निघतं.

या प्रश्नाला घाबरून एक बाई जवळजवळ अर्धं शतक एकच खोटं बोलत राहिली. बाई हॉलिवूडची नटी होती आणि मूळची आपल्या मुंबईची होती. तिचं नाव मर्ल ओबेरॉन.

दर जानेवारीत आपल्याकडे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. गळ्यात पास अडकवून चहाच्या रांगेत इराणी सिनेमावर बोलणाऱ्या एका गृहस्थांना मी हे नाव सांगून पाहिलं. ते म्हणाले, "ओबेरॉय? हॉटेलवाले ना?"

नाही हो. ऑस्करवाली.

* * *

जन्म मुंबईत, १९ फेब्रुवारी १९११. पाळण्यातलं नाव एस्टेल मर्ल, घरात हाक 'क्वीनी'. जिला ती आई म्हणायची ती शार्लट खरी तिची आजी होती, मूळची सिलोनची, सावळी. जिला ती मोठी बहीण समजत होती ती कॉन्स्टन्स तिची जन्मदाती, स्वतःच अजून शाळकरी वयाची. बाप गोरा, रेल्वेतला. तो पहिल्या महायुद्धात गेला आणि मायलेकी कलकत्त्याला आल्या. तिथल्या नामांकित शाळेत पोरींनी रंगावरून आणि रक्तावरून इतकं टोचलं की शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी. तिथे रंग दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो.

एका माजी नटाचं तिच्यावर मन बसलं होतं. एके दिवशी तो घरी आला, दार शार्लटने उघडलं. प्रेम तिथेच उंबऱ्यावर संपलं. आपल्याकडे स्थळं निदान कांदेपोहे खाऊन परत जातात.

१९२८ साली क्वीनी विलायतेला गेली. क्लबात नोकरी, सिनेमात किरकोळ कामं, आणि मग अलेक्झांडर कोर्डा या निर्मात्याची नजर पडली. १९३३ सालच्या 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ'मध्ये तिला राणी अ‍ॅन बोलीनचं काम मिळालं. काही मिनिटांचंच, पण त्या मिनिटांनी काम केलं. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन, १९३९ साली 'वुदरिंग हाइट्स'मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएसमोर नायिका. आता एवढ्या मोठ्या बाईला मूळ गाव हवंच. प्रसिद्धीवाल्यांनी नकाशा उघडला आणि बोट ठेवलं टास्मानियावर. ऑस्ट्रेलियाच्याही खालचं बेट, तपासायला जाणार कोण? वरून पुस्ती जोडली की जन्माच्या नोंदी आगीत जळाल्या.

कागद आगीत जळाले! आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतल्या मुरलेल्या कारकुनाने या वाक्यावर डोळे झाकून सही केली असती.

* * *

कागदावरून आठवलं. सध्या मराठवाड्यात आरक्षणाच्या दाखल्यासाठी घरोघरी निजामकाळच्या नोंदी धुंडाळणं चालू आहे. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायला माणसं मोडी वाचणारा शोधतायत, मोडीवाला सापडला तर उर्दूवाला शोधतायत. एक कागद सापडावा म्हणून आपली झोप उडाली आहे आणि ही बाई एक कागद सापडू नये म्हणून आयुष्यभर जागी राहिली. दोघांचं दुखणं एकच. माणूस कितीही उभा-आडवा वाढला, तरी त्याची किंमत ठरते ती नोंदवहीतल्या एका रकान्यात.

* * *

तिने खोटं का बोलावं, हा सोवळा सवाल अधूनमधून कुणीतरी टाकतंच. बरं, खरं बोलली असती तर?

१९१७ च्या कायद्याने अमेरिकेने बहुतेक आशियाला दार बंद केलं होतं. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या भारतीयाला सांगितलं, तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. त्या गृहस्थाने पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात नोकरी केली होती. हा नियम १९४६ पर्यंत टिकला. सिनेमावाल्यांची स्वतःची आचारसंहिता होती, तीत गोऱ्या-काळ्यांच्या शरीरसंबंधांना पडद्यावर बंदी. तिचा धाक असा की, 'द गुड अर्थ' या चिनी शेतकऱ्यांवरच्या सिनेमात नायक गोरा घेतला म्हणून नायिकेचं काम अ‍ॅना मे वाँग या चिनी वंशाच्या नटीला दिलंच नाही. ते मिळालं लुईस रायनर या युरोपातून आलेल्या बाईला. तिने डोळे चिनी रंगवले आणि ऑस्कर घेऊन गेली.

थोडक्यात, खोटं बोलण्याला बंदी नव्हती. ते कोणत्या दिशेने बोलायचं एवढंच ठरलेलं होतं. गोरीने पिवळी व्हायचं, तो अभिनय. सावळीने गोरी व्हायचं, ती फसवणूक.

* * *

याच कोर्डाच्या कंपनीत आपल्याकडचा आणखी एक जण होता. म्हैसूरकडच्या माहुताचा पोरगा, साबू. १९३७ साली 'एलिफंट बॉय' आला आणि पोरगा जगभर गाजला. साबूला रंग लपवायचा नव्हता, उलट रंग हेच त्याचं भांडवल. म्हणून जन्मभर हत्ती, वाघ, फेटा आणि उघडं अंग. एकाच कंपनीत दोन भारतीय पोरं. जे झाकता येत नाही ते हत्तीवर बसवलं, जे झाकता येतं ते सिंहासनावर.

आणि हा कोर्डा तरी कोण? हंगेरीतल्या खेड्यातला ज्यू, जन्मनाव शान्दोर केल्नर. म्हणजे मुलीला नवं नाव देणाऱ्या बाप्याचं स्वतःचंच नाव नवं होतं. पुढे १९३९ मध्ये त्याने तिच्याशी लग्न केलं. १९४२ साली तो 'सर' झाला आणि मुंबईची क्वीनी लेडी कोर्डा. एका घरात दोन बनावट नावं आणि एक अस्सल किताब!

* * *

'गोऱ्यांचं हे असंच' म्हणून सुपारी कातरायला बसू नका. त्याच काळात आपण काय करत होतो?

पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली. तीही टेलिफोन ऑपरेटर! (त्या काळच्या टेलिफोन खात्यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.) तिला आपल्या मूकपटवाल्यांनी पडद्यावर आणलं आणि नाव दिलं सुलोचना. कलकत्त्याच्या रेने स्मिथची झाली सीतादेवी. घरंदाज बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या, आणि आलेल्या बायकांचा गोरा रंग हवा होता, पण नाव आणि देव नको होते. तिकडे मुंबईच्या मुलीला टास्मानियाची केलं, इकडे पुण्याच्या रूबीला सुलोचना केलं. व्यवहार तोच, फक्त पावती उलट्या बाजूने फाडली. सुलोचनाला निदान म्हातारपणी, १९७३ साली, दादासाहेब फाळके पुरस्कार तरी मिळाला.

आणि 'आपला माणूस' म्हणायला आपण किती तत्पर! बंगळुरात जन्मून तमिळमध्ये देव झालेला रजनीकांत आपला, कारण कागदावर शिवाजीराव गायकवाड. नासात कुणी जोशी-पाटील झाडू जरी हातात घेऊन उभा दिसला तरी पेपरात चौकट. मग मुंबईत जन्मलेली, ऑस्करच्या उंबऱ्यापर्यंत गेलेली ही बाई आपल्या अभिमानाच्या यादीत का नाही? कारण सोपं आहे. तिला आडनाव नाही. म्हणजे आहे, पण त्यावरून पाहुणे निघत नाहीत.

* * *

आता थोडं खासगी. त्याशिवाय नटीवरचा लेख पुरा होत नाही, असं संपादकांचं मत आहे.

चार लग्नं. पहिल्या नवऱ्याने किताब दिला, तो वर आलाच. दुसरा ल्यूशियन बॅलर्ड, कॅमेरामन. १९३७ साली लंडनमध्ये मोटारीच्या अपघातात मर्लच्या चेहऱ्यावर व्रण उठले, पुढे सौंदर्यप्रसाधनांनी आणि औषधांनी कातडी आणखी बिघडवली. बॅलर्डने शक्कल काढली. भिंगाच्या अगदी शेजारी एक छोटा दिवा, थेट चेहऱ्यावर. सावलीच पडत नाही, तर व्रण दिसणार कुठून? त्या दिव्याचं नाव तिच्यावरून 'ओबी'. हॉलिवूडवाले आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे माणूस प्रेमात पडला की ओवी रचतो, त्याने ओबी रचली. १९४५ साली लग्न, १९४९ साली घटस्फोट. दिवा राहिला.

तिसरा मेक्सिकोतला गडगंज उद्योगपती, त्याच्याकडून बंगले आणि जडजवाहीर. चौथा तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, एका सिनेमात तिचाच नायक होता. किताब, उजेड, पैसा, तारुण्य, अशी बाईने चार नवऱ्यांकडून रीतसर वसुली केली. मूळ गाव मात्र चौघांपैकी एकालाही देता आलं नाही.

* * *

ओबीवरून आपल्या अजिंठ्याची आठवण न झाली तर तो इथला लेखक कसला! पहिल्या लेण्यात, गाभाऱ्यातल्या बुद्धासमोर, जुने गाइड एक खेळ करायचे. "देखो साब, लाइट इधर से मारा तो भगवान हँस रहे. उधर से मारा तो उदास. सामने से मारा तो ध्यान में." तोच दगड, फक्त दिवा हलला की भाव बदलतो. बॅलर्ड हे पुस्तकातून शिकला असेल, आमचा गाइड पोटातून शिकला.

त्याच लेण्यात पद्मपाणीशेजारी एक राजकन्या आहे. काळी. चांगली ठसठशीत काळी, डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चिताऱ्याने तिला उजळ करायची तसदी घेतली नाही. त्याच्याकडे पांढरा रंग नव्हता म्हणावं, तर शेजारच्या आकृत्यांना पुरेसा लावलाय. म्हणजे त्याला ती तशीच सुंदर दिसत होती. लांबलांबचे लोक तिकीट काढून, चपला हातात घेऊन तिला बघायला येतात. आपणही जातो. बघतो, "वा!" म्हणतो, आणि परतीच्या गाडीत पोरीला सांगतो, "खिडकीतून हात आत घे, काळी पडशील."

आपल्या लग्नाच्या बायोडाट्यात रंगाचे प्रकार किती? गोरा, निमगोरा, गव्हाळ आणि फारच नाइलाज असेल तर सावळा. काळा हा रंग मराठी वधूवरांत आढळत नाही. सावळा विठ्ठल चालतो, सावळा जावईही पगार बघून चालतो. सुनेची मात्र वर्णमाला 'ग'पासून सुरू होते.

* * *

हसण्यावारी नेता येणार नाही असा भाग आता येतो.

मर्ल आईला, म्हणजे शार्लटला, सोबत घेऊन गेली होती. टाकून दिली नाही, हे तिच्या खात्यावर लिहायलाच हवं. पण पाहुणे आले की ही सावळी बाई घरातली मोलकरीण असे. लेकीच्या दिवाणखान्यात लेकीलाच चहा नेऊन द्यायचा आणि पाठ फिरवायची. १९३७ साली शार्लट गेली. पुढे १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून आईचं मोठं तैलचित्र करून घेतलं. चिताऱ्याला एकच सूचना, रंग उजळ कर. ते चित्र तिच्या घरात तिच्या मरणापर्यंत होतं. जिवंतपणी आई स्वयंपाकघरात, मेल्यावर गोरी होऊन दिवाणखान्यात.

मला यात आमचा मकबरा दिसतो. बीबीका मकबराही आईसाठीच बांधलेला. आझमशाहने दिलरसबानू बेगमेसाठी. जवळ जाऊन पाहा, खाली कमरेएवढा संगमरवर, वर घुमट संगमरवरी, आणि मधला सगळा चुन्याचा घोटीव गिलावा. लांबून मात्र सगळं पांढरंशुभ्र. जुन्या नोंदीप्रमाणे मंजुरी सात लाखांची होती, खर्च झाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे. मंजूर रकमेच्या आत झालेलं हे आमच्या गावचं बहुधा शेवटचं काम.

जग त्याला ताजची नक्कल म्हणून हिणवतं. म्हणू द्या. नक्कल आमच्याकडे गुन्हा नव्हे, उद्योग आहे. आमची हिमरू शालसुद्धा किनखापाची परवडणारी नक्कल. रेशमाला सुताची जोड देऊन भरजरीचा भास करायचा. पिढ्यानपिढ्या लोक अंगावर मिरवतायत, कुणी सुताला त्याचं मूळ गाव विचारलं नाही.

* * *

आणि नाव बदलण्याबद्दल तर आम्ही बोलूच नये. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. मर्लची नावं मोजली तरी आमच्या गावाशी बरोबरी होते.

पण पहिलं नाव ज्याच्या काळातलं, त्या माणसाकडे बघा. मलिक अंबर. जन्म इथिओपियात, नाव चापू. लहानपणी विकला गेला, पुन्हा विकला गेला, बाजारांतून हिंडत दख्खनला पोचला. निजामशाहीच्या पेशव्याने त्याला विकत घेतलं आणि पुढे हाच माणूस निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० साली खडकी वसवली. जहांगीर बादशहाला तो रणात कधी सापडला नाही, म्हणून बादशहाने चित्र काढून घेतलं. चित्रात अंबरचं काळं मस्तक भाल्यावर आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. इतका राग! अंबरने ना रंग लपवला ना गाव. त्याला हबशी म्हणत, तो म्हणू देई, आणि शहराखालून पाण्याची नहर नेई. आज पाण्याचा दिवस कधी आहे हे शेजाऱ्याला विचारत फिरणाऱ्या आमच्या पिढीने त्याचं मूळ गाव विचारू नये, नहर कशी खोदली ते विचारावं.

अर्थात अंबरकडे फौज होती. मर्लकडे चेहरा होता. फौजेला कुणी दाखला मागत नाही.

* * *

१९७८ साली टास्मानियाने आपल्या लेकीचा सत्कार ठरवला. होबार्टच्या लॉर्ड मेयरांनी थाटात बोलावलं. खोट्या माहेराने खरं माहेरपण करायचं ठरवलं म्हणजे काय धांदल उडत असेल! बाई गेल्या, आणि तिथे त्यांची तब्येत बिघडली. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, त्या वारल्या. मुंबईचा जन्म चरित्रकारांनी उघड केला तो १९८३ मध्ये.

गंमत म्हणजे टास्मानियात काही लोकांनी त्यानंतरही हार मानली नाही. ती आमचीच, अमक्या घरातली, असं ते छातीठोक सांगत राहिले. त्यावर २००२ साली अख्खा माहितीपट निघाला. ज्यांची नव्हती ते सोडायला तयार नाहीत, ज्यांची होती त्यांना पत्ता नाही.

२०२३ साली मिशेल यो यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, पुढे पुरस्कारही. तेव्हा बातमीदारांची पंचाईत झाली. पहिली आशियाई म्हणावं तर १९३५ ची मर्ल आडवी येते. मग वाक्य घडवलं, 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली'. त्या एका 'म्हणवणारी'त मर्लचं सगळं चरित्र मावलं. बाईंनी जन्मभर जे लपवलं ते शेवटी एका क्रियापदापायी फुटलं.

* * *

परवा शेजारच्या काकू भाचीचा बायोडाटा घेऊन आल्या. फोटोत मुलगी इतकी उजळलेली की नाक शोधावं लागलं. मी म्हटलं, "काकू, हिला मी पाहिलंय. छान सावळी आहे की." काकू म्हणाल्या, "हळू बोला हो. फोटोवाल्याने तीनशे रुपये घेतलेत." बिचारा ल्यूशियन बॅलर्ड! त्याला या कामासाठी लग्न करावं लागलं होतं.

मग काकूंनी आमच्या चिरंजीवांचा विषय काढला. त्याने स्वतःच एक मुलगी पसंत केली आहे, ही बातमी जिन्यातूनच त्यांच्यापर्यंत गेली होती. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले हो ते लोक?"

मी म्हटलं, "टास्मानियाचे."

काकू क्षणभर थांबल्या. बेरीज होत नव्हती. मग चेहरा उजळला, ओबी न लावता.

"बाहेरचे का? मग काही हरकत नाही. गोरी असेल."